दंड घातलेलं लुगडं

नऊवारी लुगडं विरतं ते आधी मध्यावर. बसण्या-उठण्याने आणि कासोट्याच्या ताणाने मधलं सुती कापड पातळ होत जातं, आणि दोन्ही बाजूंचं मात्र धडधाकट राहतं. मग घरातली बाई ते लुगडं एखाद्या दुपारी सतरंजीवर पसरायची, उजेडाकडे धरून कुठवर विरलंय ते बघायची, तेवढा भाग कापून काढायची आणि दोन धड तुकडे एकमेकांना जोडायची. काठाला काठ जुळला पाहिजे, शिवण निऱ्यांत लपली पाहिजे आणि धुताना पिळलं तरी उसवता कामा नये. याला दंड घालणं म्हणत. कधी दोन जुन्या लुगड्यांचं मिळून एक व्हायचं. आज पुण्याच्या पेठांत दंड घालणारी बाई हवी असेल तर ती ऐंशीच्या पुढच्या वयातच सापडेल.

काटकसरीने घर चालवण्याची ती सगळी रीतच आता गेली. ती हळूहळू गेली, म्हणून तिच्यासाठी कुणी थांबलं नाही, चार शब्द बोललं नाही. ते बोलायला हवेत. आमच्या पिढीची शिक्षणं, डोक्यावरची छपरं आणि दिवाळीला अंगावर चढलेलं नवं कापड या सगळ्याचा खर्च त्या रीतीने भागवला आहे.

तेव्हा गरिबी होती म्हणून लोक तसे राहत, असं आज सहज म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पगार नियमित येणाऱ्या घरांतही हीच रीत होती, कारण टंचाई पुन्हा पुन्हा दाराशी येऊन गेली होती. १९४३ साली, महायुद्ध चालू असताना, मुंबईत धान्याचं रेशनिंग सुरू झालं. १२ जुलै १९६१ ला पानशेत आणि खडकवासला ही धरणं फुटली आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांतले संसार एका दिवसात चिखलात गेले. ज्यांनी तो दिवस पाहिला त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढे जन्मभर सुतळीचा तुकडाही टाकला नाही. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी देशाला आठवड्यातलं एक जेवण सोडायला सांगितलं आणि सोमवारी संध्याकाळी पुष्कळ घरांत चूल पेटेनाशी झाली. काही घरांनी तो सोमवार धान्य मुबलक झाल्यावरही पाळला. मग १९७२ चा दुष्काळ आला. रेशनवर परदेशातून आलेलं मिलो नावाचं लालसर धान्य मिळू लागलं. त्याची भाकरी थापताना तुटायची, म्हणून त्यात घरची मूठभर ज्वारी मिसळायची आणि पीठ कढत पाण्यात भिजवायचं, हे बायकांनी एकमेकींकडूनच शिकून घेतलं.

त्याच १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर या पुढाऱ्यांमागे मुंबईतल्या बायका महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. घरात पळीने तेल मोजणाऱ्या याच बायका होत्या. जपून वापरणं त्यांना मान्य होतं, पण कुणी साठेबाजी करून नाडलेलं त्या खपवून घेणार नव्हत्या. काटकसरीबद्दल बोलताना हे विसरलं जातं, म्हणून इथे मुद्दाम सांगतो.

त्या घरांतल्या साधनांत मला सगळ्यात हुशार वाटत आली ती भुशाची शेगडी. पत्र्याचा उंच डबा, बुडाशी एका बाजूला भोक, एवढंच तिचं रूप. लाकडाच्या वखारीतून पोतं भरून भुसा आणायचा, तो अगदी स्वस्त मिळे. डब्याच्या मधोमध एक बाटली उभी धरायची, खालच्या भोकातून दुसरी आडवी सारून तिला भिडवायची आणि सभोवती भुसा मुठीने दाबत दाबत भरायचा. दाबणं कमी पडलं तर भुसा मधेच ढासळतो आणि घरभर धूर होतो. काठोकाठ भरला की दोन्ही बाटल्या हलक्या हाताने फिरवत ओढून काढायच्या. आत काटकोनी बोगदा तयार होतो. खालून पेटती ढलपी सारली की जाळ उभ्या भोकातून वर येतो आणि भुसा आतल्या बाजूने सावकाश जळत राहतो. एकदा भरलेल्या शेगडीवर सकाळचा सगळा स्वयंपाक व्हायचा, वर पातेलंभर पाणी तापायचं आणि निखाऱ्याच्या धगीवर दुपारचं दूधही ऊन व्हायचं. खाली राहिलेली राख भांडी घासायला जायची. शेगडी भरण्याचं काम घरातल्या एकाच माणसाच्या हाताला बसलेलं असे. ते माणूस गावाला गेलं की स्वयंपाक अडायचा.

आंघोळीचा बंबही तसाच. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत ठोकून घडवलेला तांब्याचा बंब दोन-दोन पिढ्या चालायचा. त्याला विकतचं जळण क्वचितच लागे. नारळाच्या करवंट्या, वाळलेला पाला, तुटलेल्या खोक्याच्या फळ्या, काय हाताशी असेल ते त्याच्या नळीत जाई. तोटी गळू लागली की तो तांबटाकडे जाऊन यायचा आणि पुन्हा मोरीत उभा राहायचा. वस्तू दुरुस्त होण्यासाठीच घडवलेली असे, हे त्या काटकसरीचं निम्मं गुपित होतं. पातेल्याला कल्हई होती, छत्रीला नवी काडी मिळे, जात्याला टाकी लावून मिळे. शर्टाची कॉलर झिजली तर शिंपी ती उसवून, उलटी करून पुन्हा बसवून देई. मधे विरलेली चादर उभी फाडून तिच्या दोन्ही कडा मध्यभागी शिवल्या की आणखी दोन वर्षं निघत.

कापडाचा तर पुढचा सगळा प्रवास ठरलेला होता. दंड घालूनही लुगडं संपलं की त्याच्या मऊ भागाची बाळाची दुपटी आणि लंगोट व्हायचे, बाकीच्याचे थर गोधडीत जायचे. गोधडीला टाके कडेपासून आत आत घालत यायचं, म्हणजे थर सरकत नाहीत. त्यातूनही उरेल ते हातपुसणं, मग पायपुसणं, शेवटी पोतेरं. पायजम्याच्या पायाची बाजाराची पिशवी होई. लहान झालेला स्वेटर उसवून, लोकर धुऊन, तिच्या लडी करून वाळत घालायच्या आणि धाकट्याच्या मापाचा नवा विणायचा. यातून सुटलेले कपडे, जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणीपुढे यायचे. दुपारी तिची हाक आली की वाड्यातल्या बायका ओट्यावर जमत. ती पँट उलटी करून बघायची, साडीचा काठ खेचून बघायची आणि पातेलं पुन्हा टोपलीत ठेवून उठायचं नाटक करायची. इकडून एक जुना सदरा आणखी पडायचा, तिकडून पातेल्याबरोबर एक चमचा यायचा. दोघीही आपण जिंकलो असं समजून उठत.

स्वयंपाकघराविषयी लिहायला बसलं तर थांबता येणार नाही, इतकं तिथे होतं. दुधावरची साय, सायीचं विरजण, त्याचं लोणी, लोण्याचं तूप आणि कढईच्या बुडाशी राहिलेली बेरी. त्या बेरीवर साखर भुरभुरून ती कुणाच्या वाट्याला येते यावरून भावंडांची भांडणं. ताक आंबट झालं तर कढी. भाताच्या पेजेत साड्यांना खळ. दोडक्याच्या शिरांची आणि दुधीच्या सालांची तीळ घालून चटणी, मुळ्याच्या पाल्याची पीठ पेरून भाजी, कलिंगडाचा पांढरा गर थालीपिठात, फणसाच्या आठळ्या भाजून किंवा आमटीत. शिळ्या पोळीचा कुस्करा किंवा गूळ-तुपाचा लाडू. रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी. ही सगळी खाणी गरजेतून आली आणि चवीने टिकली. आज हॉटेलात फोडणीची पोळी पैसे मोजून मागवणाऱ्यांना ती कशी जन्मली हे ठाऊक असावं असं मला वाटतं.

कागदाला दोन बाजू असतात आणि दोन्ही वापरायच्या, हे मुलांना शाळेत जायच्या आधी कळे. वर्ष संपलं की वह्यांतली कोरी पानं काढायची, दाभणाने टोचून जाड दोऱ्याने शिवायची, वर जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाचं कव्हर. त्या कच्च्या वहीत पुढच्या वर्षीची गणितं. पुस्तकं पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात अर्ध्या किमतीला घ्यायची आणि अशी वापरायची की वर्षअखेर ती पुन्हा विकली जातील, म्हणून त्यात पेनाने एक रेघ मारली तरी पाठीत धपाटा. पोस्टकार्डावर मजकूर संपला तरी समासात उभ्या ओळी चालत राहत, नमस्कार-आशीर्वाद अगदी पत्त्याच्या कडेला. १९७३ मध्ये कालनिर्णय आलं आणि दूधवाल्याचे खाडे, धुण्याच्या कपड्यांची संख्या, गॅस कधी लावला, सगळं त्याच्या तारखांच्या चौकोनांत जाऊन बसलं.

या घरांना चिक्कू म्हणणाऱ्यांनी पुण्यातली वाराची पद्धत आठवावी. बाहेरगावाहून शिकायला आलेला गरीब मुलगा सोमवारी एका घरी जेवे, मंगळवारी दुसऱ्या. त्याला वार देणारी घरं बहुतेक अशीच होती. त्या घरांत काडेपेटीतली काडी वाचवायला एका चुलीवरून दुसरी पेटवत, पण वाराच्या मुलाच्या पानात दुसऱ्यांदा भात वाढताना कुणी विचार करत नसे. जे वाचवलं जाई ते साठवण्यासाठी कमी आणि कुणालातरी पुरवण्यासाठी जास्त असे. किती शिक्षक, वकील, डॉक्टर त्या वाचवलेल्या भातावर उभे राहिले.

आणि तरीही एक गोष्ट लिहिल्याशिवाय ही श्रद्धांजली खरी होणार नाही. या काटकसरीचं खरं भांडवल बायकांची दुपार होतं. दंड, गोधडी, सांडगे-पापड, लोकर, निवडण-टिपण हे सगळं त्या दुपारीत व्हायचं आणि तिचे पैसे कुठल्याच हिशेबात लिहिले गेले नाहीत. भाजी कमी पडली तर ती आधी घरच्या बाईच्या पानात कमी पडायची. शिळं तिनेच संपवायचं, नवं लुगडं तिनेच शेवटी घ्यायचं. तिने ते हसत केलं म्हणून ते हलकं होत नाही. तिच्या मुली आणि सुना शिकल्या, नोकरीला लागल्या, त्यांची दुपार कचेरीत गेली, आणि काटकसरीचा कणाच मोडला. मला त्याचं दुःख नाही. ती दुपार परत आणावी असं मी कुणालाही सांगणार नाही.

दुःख आहे ते दुसऱ्या गोष्टीचं. त्या दुपारीबरोबर एक जाण गेली. ही वस्तू कशाची आहे, किती दिवस टिकेल, मोडली तर कुठे नेऊ, संपली तर तिचं पुढे काय करू, हे प्रत्येक वस्तूबद्दल घरात कुणाला तरी माहीत असायचं. नव्वदनंतर घरात ज्या वस्तू आल्या त्यांनी ही माहिती असण्याची सोयच ठेवली नाही. मिक्सरचं झाकण मोडलं तर मिक्सरच बदलायचा. छोट्या सदनिकेत माळा नाही, त्यामुळे ठेवायला जागाही नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या पुरात तुंबलेल्या गटारांत प्लास्टिकच्या पिशव्या सापडल्या. २०१८ मध्ये राज्य सरकारला प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढून लोकांना घरून कापडी पिशवी न्यायला सांगावं लागलं. पायजम्याच्या पायाची पिशवी घेऊन मंडईत जाणाऱ्या माणसाला ही अधिसूचना वाचून काय वाटलं असतं, असा विचार माझ्या मनात तेव्हा पुष्कळ दिवस होता.

ती जाण ज्या वह्यांत उतरली त्याही आता जात आहेत. पेशवे दफ्तरात पेशवाईतल्या खर्चाच्या नोंदी शाबूत आहेत, आणि त्या शाबूत आहेत म्हणून त्या काळचा बाजारभाव आपल्याला सांगता येतो. आमच्या आयांनीही हिशेब लिहिले. महिन्याच्या एक तारखेला पगार हातात आला की वाणी, दूध, भाडं, फी, पोस्टातली बचत, भिशी अशा पुड्या बांधायच्या आणि रात्री कंदिलाच्या किंवा दिव्याच्या उजेडात वहीत आणे-पैसे उतरवायचे. हिशेब जुळला नाही तर झोप यायची नाही. कुठे कोथिंबिरीची जुडी, कुठे मुलाच्या औषधाची बाटली, कुठे 'ताईच्या नंदेला ओटी', कुठे 'वारवाल्याला वही'. या वह्या पाठकोऱ्या कागदांच्या आहेत, शाई फिकट झाली आहे, आणि घर विकताना किंवा वाडा पाडताना त्या सगळ्यांत आधी रद्दीच्या गाडीत जातात.

तुमच्या घरी, ट्रंकेत किंवा एखाद्या जुन्या डालडाच्या डब्यात अशी वही असेल तर ती टाकू नका. लिहिणारी हयात असेल तर तिच्याजवळ बसून एकेक ओळ वाचून घ्या आणि समजणार नाहीत ते शब्द बाजूला लिहून ठेवा. ती गेली असेल तर वहीचे फोटो काढा आणि वही गावातल्या ग्रंथालयात किंवा इतिहास मंडळात नेऊन द्या. त्या घरांनी कसं भागवलं याचा इतका जवळचा लेखी पुरावा दुसरीकडे क्वचितच सापडेल.