धारोष्ण

काही शब्दांचे भाषांतर करू जाता त्यांच्यातील ऊबच निघून जाते. ‘धारोष्ण’ हा त्यांपैकी एक. कासेतून नुकतेच निघालेले, फेस न मोडलेले दूध आपल्या लेखी बलदायक. आरोग्यविषयक मजकूर मराठीत आणताना मी ‘कच्चे दूध’ असे लिहितो. पण कच्च्या दुधाचे भय घालता येते, धारोष्णाचे कसे घालावे?

काशीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट ह्या जुन्या मराठी वस्तीच्या गल्ल्यांतून हिंडताना हा प्रश्न अधिकच बोचला. तेथे गाय समोरून आली की माणूस भिंतीला चिकटून वाट देतो. एका वृद्ध गवळ्याने ताज्या दुधाचा पेला पुढे केला. मी ते उकळून मागितले. तो हसून म्हणाला, “बाबूजी, हमारी गैया बीमार थोड़े ही है!”

गाय आजारी दिसत नव्हती हे खरेच. खोच नेमकी तेथेच आहे. गुरांचा क्षय पुष्कळदा दीर्घकाळ बाहेर दिसत नाही. गाय चरते, रवंथ करते, दूधही देते. कासेला लागण झाली की जंतू दुधात उतरतात. ते पोटात गेल्यास मुलांच्या मानेच्या गाठी सुजतात, म्हणजे आपली जुनी गंडमाळ. कधी आतड्यांना वा हाडांना क्षय जडतो. अशा क्षयात खोकला नसल्याने तो उशिरा ओळखू येतो. गोठ्याशेजारी निजणाऱ्याला तर गुरांच्या श्वासातूनही लागण होऊ शकते.

क्षयाचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनीच १९०१ साली लंडनच्या परिषदेत, गुरांच्या क्षयापासून माणसाला फारसा धोका नाही, असे सांगितले होते. ब्रिटिश सरकारने नेमलेल्या आयोगाने १९११ पर्यंत खपून ते मत खोडून काढले. (आणि गंमत पाहा, आपल्या मुलांना टोचली जाणारी बीसीजी लस गुरांच्याच क्षयजंतूला निर्बल करून सिद्ध झाली आहे.)

ह्या रोगाचा बाऊ करावा असेही नाही. वेल्लोर येथे तपासलेल्या रुग्णांच्या ९४० नमुन्यांवरील २०२० सालच्या अभ्यासात गुरांचा ‘बोव्हिस’ जंतू आढळला नाही. त्याचा भाऊबंद ‘ओरिगिस’ मात्र सात नमुन्यांत निघाला. दूध उकळण्याची आपली सवय येथे मोठीच कामाला येते, कारण चांगली उकळी आली की हा जंतू मरतो. पंचामृतालादेखील उकळून निववलेले दूध चालावयास हरकत नसावी.

पण उकळतो तो गिऱ्हाईक. गवळ्याचे पोर पहाटे कासेजवळ पेला घेऊन उभे राहते, आणि गोठ्यालगतच झोपते. त्याच्या मानेला गाठ आली, तर दवाखान्यात ‘आमच्या घरी गुरे आहेत’ हे आईबापांनी आपण होऊन सांगावयास हवे. कारण क्षयावरील नेहमीच्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे बोव्हिसवर चालत नाही, आणि गोठ्याची हकीकत कळल्यावाचून डॉक्टरला तशी शंका येणे कठीण.