मेडनवाले

फलाटावर कुणाच्या अंगात आयर्न मेडनचा काळा टी-शर्ट दिसला की मला राहवत नाही. जवळून जाताना मी हळूच 'अप द आयर्न्स' म्हणते. पोरगा दचकतो. पन्नाशी ओलांडलेली, साडी नेसलेली, खांद्यावर उत्तरपत्रिकांची पिशवी अडकवलेली बाई असलं काही बोलेल हे त्याच्या हिशेबातच नसतं. मग चेहरा खुलतो, तोही तेच म्हणतो, आणि गाडी येईपर्यंत 'तुमचा आवडता अल्बम कुठला' इथवर गप्पा पोचतात. ही आरोळी मुळात लंडनच्या वेस्ट हॅम फुटबॉल क्लबची. बँडचा संस्थापक आणि बेस गिटार वाजवणारा स्टीव्ह हॅरिस त्या क्लबचा कट्टर पाठीराखा, म्हणून ती बँडबरोबर जगभर फिरली आणि डोंबिवलीतही येऊन पोचली.

आमच्या घरी ती दादामुळे आली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या मित्राकडून 'लाइव्ह आफ्टर डेथ'ची कॅसेट आली, तीही कॉपीची कॉपी. गाण्याआधी नुसती खरखर. कव्हरची रंगीत झेरॉक्स दादाने कुठूनशी मिळवली होती: थडगं फोडून बाहेर येणारा एडी, म्हणजे या बँडचं बोधचिन्ह असलेलं भूत. आई म्हणाली, "हे ध्यान देवासमोर नको." मग एडी कपाटाच्या दाराला आतून चिकटला आणि आई इस्त्रीचे कपडे ठेवताना रोज त्याचं तोंड बघत राहिली.

रेडिओवर ही गाणी नव्हती, दूरदर्शनवर तर नव्हतीच. इंग्लंडातसुद्धा रेडिओने या बँडला कधी फारसं जवळ केलं नाही. जे काही पसरलं ते एकाने दुसऱ्याला कॅसेट देऊन पसरलं. त्यामुळे मेडन ऐकणाऱ्याला आपण बाजारातून काही घेतलंय असं वाटत नाही, आपल्याला कुणीतरी विश्वासाने काही दिलंय असं वाटतं.

माझा फायदा असा झाला की एम.ए.ला कोलरिजची 1798 सालची ती म्हाताऱ्या खलाशाची लांबलचक कविता लागली तेव्हा ती मला आधीच ठाऊक होती. स्टीव्ह हॅरिसने तिच्यावर तेरा मिनिटांचं गाणं केलं आहे, 'पॉवरस्लेव्ह' या 1984च्या अल्बममध्ये. वर्गात सरांनी कथानक विचारलं, मी धडाधड सांगितलं. अल्बाट्रॉस, शाप, तहान, मरून पडलेले सोबती, सगळं. सर खूश. "कुठल्या समीक्षकाचं वाचलंत?" मी खरं ते सांगितलं आणि वर्ग हसून लोळला. सर मात्र हसले नाहीत. तास संपल्यावर त्यांनी कॅसेट मागून घेतली आणि पुढे महिनाभर परत केली नाही.

बँड प्रत्यक्ष बघायला मिळेल असं मनातसुद्धा नव्हतं. धोबी तलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' व्हायचं, तिथे आपल्याकडची पोरं मेडनची गाणी वाजवायची. डीप पर्पल 1995 साली मुंबईत येऊन गेले. पण मेडनचं रंगमंचाचं सामान म्हणजे ट्रकच्या ट्रक. युरोप-अमेरिकेत ते रस्त्याने जातं. भारतात यायचं तर विमानाने किंवा जहाजाने पाठवायचं, ते सोडवून घ्यायचं, आणि तोवर बँडने बसून राहायचं. एका कार्यक्रमासाठी हे कुणाला परवडणार? तरीही 17 मार्च 2007ला ते बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले. मार्च म्हणजे परीक्षा, पर्यवेक्षण, पेपर. मला रजा मिळाली नाही. दादा गेला आणि घसा पूर्ण बसवून परत आला. आठवडाभर हातवारे करून वर्णन करत होता, ते मला सहन होत नव्हतं.

आणि मग कळलं की पुढच्या वर्षीचा जागतिक दौरा मुंबईतून सुरू होतोय. लंडनहून नाही, न्यूयॉर्कहून नाही. 1 फेब्रुवारी 2008, वांद्रे-कुर्ला संकुल, एमएमआरडीए मैदान. हे जमलं ते गायक ब्रूस डिकिन्सनमुळे. हा गृहस्थ गाण्याव्यतिरिक्त एका विमान कंपनीत वैमानिक होता, बोइंग 757 चालवायचा. त्यांनी तसलंच एक विमान भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे सामान भरलं, पुढे बँड आणि कामगार बसले आणि कॅप्टनच्या जागेवर गायक. त्याचं 'एड फोर्स वन' हे नावसुद्धा चाहत्यांच्या स्पर्धेतून आलं. भारत, ऑस्ट्रेलिया, जपान, मग अमेरिका खंड, असा दीड महिन्यात सुमारे 50 हजार मैलांचा प्रवास. इतकी वर्षं जी गावं वाटेवर नव्हती, ती विमानामुळे वाटेवर आली. मला यातली हौस कळते, पण त्याहून जास्त त्यातला धंद्याचा नेटका विचार आवडतो. आमच्याकडे येण्यासाठी या माणसांनी बसून हिशेब जुळवला होता.

मुलाला सासूबाईंकडे सोपवलं आणि दादाबरोबर दुपारीच मैदानावर पोचले. सगळीकडे काळे टी-शर्ट आणि लाल धूळ. नाकातोंडात धूळ, पाण्याच्या बाटल्या आत नेऊ देत नव्हते, बायकांची रांग मात्र रिकामी, त्यामुळे मी दादाच्या आधी आत शिरले आणि पुढच्या कठड्यापासून दोन-तीन माणसं मागे जागा धरली. शेजारी ऐजॉलहून आलेला एक मुलगा होता. रेल्वेने, आरक्षणाशिवाय, कित्येक गाड्या बदलत तो आला होता. त्याचं हिंदी कच्चं, माझं मिझो शून्य. मी चिक्की पुढे केली, त्याने मला पाठीवरची सॅक कुठल्या बाजूला घ्यायची ते दाखवलं, म्हणजे रेटारेटीत बरगड्या वाचतात. हे ज्ञान फार मोलाचं ठरलं.

कार्यक्रम सुरू होण्याआधी ध्वनिक्षेपकावर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागतं. ज्याला माहीत आहे त्याला कळतं की आता पाच मिनिटं. मैदान एकदम पुढे सरकलं. मग चर्चिलचं भाषण, आणि 'एसेस हाय'. पहिल्या ठोक्याला माझे पाय जमिनीवर नव्हते. हे अलंकारिक नाही, गर्दीने मला खरंच उचललं होतं.

स्टीव्ह हॅरिस आमच्या बाजूला आला. मी त्याचा उजवा हात बघत होते. तो पिक वापरत नाही, नुसत्या बोटांनी वाजवतो, आणि त्या बोटांतून घोड्याच्या टापांसारखा तो सुप्रसिद्ध ताल सुटतो. मनगटाला वेस्ट हॅमच्या रंगांची पट्टी. एक पाय समोरच्या स्पीकरवर, बेस बंदुकीसारखा आमच्यावर रोखलेला, आणि तोंडाने तो प्रत्येक ओळ म्हणत होता, माइक नसताना. त्याची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरत होती. ज्याच्यावर नजर यायची तो गाणं म्हणतोय की नाही ते बघून ती पुढे जायची. मी म्हणत होते. वर्गात हजेरी घेताना मी पुढे कित्येकदा त्या नजरेची नक्कल केली आहे.

खलाशाचं ते गाणंही झालं. त्याच्या मध्यात वाद्यं जवळजवळ थांबतात, जहाजाची लाकडं करकरतात. एवढा जमाव गप्प उभा होता. मग डिकिन्सन "स्क्रीम फॉर मी, मुंबई!" असं ओरडला तेव्हा काय झालं ते लिहून सांगता येणार नाही, पण त्या रात्रीचं 'एसेस हाय' पुढे 'फ्लाइट 666' या 2009च्या चित्रपटात आणि अल्बममध्ये घेतलं गेलं. त्या कोलाहलात माझा आवाज आहे असं मी मुलाला सांगते. तो म्हणतो, "कुठला?" मी म्हणते, "नीट ऐक."

शेवटी मॉन्टी पायथनचं ते गमतीदार शिट्टीचं गाणं लागलं, म्हणजे आता आणखी काही मिळणार नाही, घरी जा. दाराशी मागून हाक आली, "मॅडम, तुम्ही?" आमच्या दुसऱ्या वर्षाचा, नेहमी शेवटच्या बाकावर झोपणारा विद्यार्थी. त्या दिवसापासून तो पहिल्या बाकावर आला. झोपायचा मात्र तिथेही.

याला लोक भक्ती म्हणतात. मला ते पटत नाही. भक्त देवाकडे हिशेब मागत नाही, मेडनवाले सतत मागतात. 1986 साली गिटारला सिंथ का जोडला, 1995चा अल्बम इतका मंद का, हे भांडण अजून चालू आहे. पण दुसऱ्या बाजूने हिशेब चुकता होत असतो, म्हणून हे टिकतं. डिसेंबर 1994मध्ये, बँड सोडलेल्या काळात, डिकिन्सन वेढ्यातल्या साराएव्होत गेला. रात्री ट्रकमधून इग्मान डोंगर ओलांडून, गोळीबार चालू असलेल्या शहरात, आणि गाऊन आला. 2016च्या दौऱ्यात चिलीच्या सांतियागो विमानतळावर ओढगाडीची धडक बसून त्यांच्या जंबो विमानाची इंजिनं निकामी झाली. सामान दुसऱ्या मार्गाने गेलं, एकही कार्यक्रम रद्द झाला नाही. त्या दौऱ्यात भारत मात्र नव्हता. ते आम्ही लिहून ठेवलेलं आहे.

2008मध्ये जमलेल्या आम्हा काहींचा आता व्हॉट्सअॅप गट आहे. ऐजॉलचा मुलगा त्यात आहे, आज तो बंगळूरला नोकरी करतो. फेब्रुवारी 2015ला डिकिन्सनला जिभेच्या मुळाशी कर्करोग असल्याचं जाहीर झालं, तेव्हा गटावर दोन दिवस कुणी विनोद टाकला नाही. मे महिन्यात तो बरा झाल्याची बातमी आली. डिसेंबर 2024ला ड्रमर निको मॅकब्रेनने दौरे थांबवले. आदल्या वर्षी त्याला पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, तरी तो उभा राहून पुन्हा वाजवायला लागला होता. आमच्यातल्या एकाच्या वडिलांना त्याच सुमारास झटका आला. फिजिओथेरपीचा कंटाळा करायला लागले की तो त्यांना निकोचे व्हिडिओ दाखवायचा. वडिलांना संगीत आवडलं नाही, पण 'त्या नाकचपट्या माणसाची' चौकशी ते रोज करायचे.

28 जून 2025ला बँड लंडन स्टेडियमवर वाजवणार होता. पन्नास वर्षांचा दौरा, आणि मैदान खुद्द वेस्ट हॅमचं. भाचा तिथे राहतो, दादा निवृत्त झालेला. आम्ही गेलो. दुपारी स्ट्रॅटफर्डच्या 'कार्ट अँड हॉर्सेस'मध्ये डोकावलो. बँडने सुरुवातीला वाजवलं तो हा पब. आत पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर रस्त्यावर ग्रीक, ब्राझिलियन, पोलिश, सगळे त्याच काळ्या कपड्यांत. एका चिलीच्या बाईने माझा 2008चा मुंबईचा टी-शर्ट बघितला, हात धरला आणि नवऱ्याला ओरडून बोलावलं: पहिला कार्यक्रम, हिने पहिला कार्यक्रम बघितलाय!

बँडच्या व्यवस्थापकाने दौऱ्याआधीच मोबाइल खिशात ठेवायची विनंती केली होती. बऱ्याच जणांनी पाळली. खलाशाचं गाणं पुन्हा झालं. हॅरिस सत्तरीला टेकलेला, पाय अजून स्पीकरवर, ओठ अजून हलताहेत. दादा रडला, आणि आपण रडलो नाही असं तो आजही सांगतो.

बाहेर पडताना स्टेशनकडे जाणाऱ्या त्या अफाट रांगेत त्याची कुरकुर सुरू झाली. 'रेव्हलेशन्स' का नाही वाजवलं? पन्नास वर्षांचा सोहळा आणि 'रेव्हलेशन्स' नाही? मी म्हटलं, अरे दोन तास वाजवलं त्यांनी. तो म्हणाला, "ते ठीक आहे, पण मग 'रन टू द हिल्स' गाळायचं." पुढे उभा असलेला एक टक्कल पडलेला इंग्रज वळला. मराठी त्याला कळणं शक्य नव्हतं, पण गाण्यांची नावं कळली होती. 'रन टू द हिल्स' गाळायचं म्हणजे काय, असं त्याने दादाला फार गंभीरपणे विचारलं, आणि रांग पुढे सरकली तरी ते दोघं जागचे हलेनात.