बैठकीचं ध्वनिमुद्रण सीडीवर उतरवताना

चि. बाळ यास,


गुरुजींच्या बैठकांची ध्वनिमुद्रणं ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटमध्ये झाली आहेत आणि गुरुबंधूंसाठी त्यांच्या सीडी काढायच्या आहेत, असं तू कळवलंस. सीडीला ४४.१ किलोहर्ट्झ आणि १६ बिटच लागतात. त्यामुळे दोन कामं करावी लागणार: सॅम्पल रेट खाली आणायचा, म्हणजे रीसॅम्पलिंग, आणि बिट कमी करताना डिदर द्यायचा. यासाठी कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं, असा तुझा प्रश्न आहे.

पण ४४.१ आणि १६ बिटची ही अट फक्त सीडीसाठीच. व्हिडिओसाठी ४८ किलोहर्ट्झ हा रूढ दर आहे, आणि संग्रहात ठेवायच्या फाइलला तर हातच लावू नये. ती मूळ रेटवर, २४ बिटच्या फ्लॅकमध्ये ठेवावी.

४४.१ हा आडनिडा आकडा आला व्हिडिओ टेपमुळे. सुरुवातीच्या काळात डिजिटल ध्वनी व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. एका सेकंदात ६० फील्ड, प्रत्येक फील्डमध्ये वापरता येण्याजोग्या २४५ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ नमुने. गुणाकार केला की ४४,१०० येतात. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली सीडीचं मानक ठरवलं, तेव्हा हाच आकडा कायम झाला. ९६ हजारांशी त्याचं गुणोत्तर ३२०:१४७ असं पडतं. म्हणजे नुसते मधले नमुने गाळून भागत नाही, बहुतेक नमुने नव्यानं गणित करून काढावे लागतात. पुढच्या वेळी ८८.२ वर मुद्रण केलं तर बरोब्बर निम्मं होईल आणि आवाज चांगला राहील, असं कोणी सांगेल. आजच्या चांगल्या सॉफ्टवेअरला दोन्ही गणितं सारखीच जमतात, तेव्हा त्यासाठी काही बदलायला नको.

खरी कसोटी लागते ती फिल्टरची. ४४.१ च्या फाइलमध्ये २२.०५ किलोहर्ट्झच्या वरचं काहीच मावत नाही. ते आधी गाळलं नाही तर ते नाहीसं होत नाही, उलटून खाली येतं. दिव्यांच्या वीजपुरवठ्याची ३० किलोहर्ट्झची शीळ ९६ च्या फाइलमध्ये शिरली असेल तर ती कानाला ऐकू येत नाही. पण कच्च्या फिल्टरमधून गेली की ती १४.१ किलोहर्ट्झवर उतरते आणि तरुण कानाला स्पष्ट ऐकू येते. चांगला फिल्टर २० किलोहर्ट्झपर्यंत सगळं सुरक्षित ठेवतो आणि त्यानंतरच्या अरुंद पट्ट्यात झपाट्यानं बंद होतो.

हे कुणाच्या शिफारशीवर सोडू नकोस, स्वतः तपासून पाहा. ऑडेसिटीमध्ये ९६ किलोहर्ट्झचा प्रोजेक्ट उघडून २० हर्ट्झपासून ४० किलोहर्ट्झपर्यंत चढत जाणारा एकच सूर तयार कर. ती फाइल पारखायच्या सॉफ्टवेअरमधून ४४.१ वर आण आणि स्पेक्ट्रोग्राममध्ये बघ. एकच रेघ वर चढत २२ च्या जवळ संपली तर सॉफ्टवेअर चांगलं. तिथून दुसरी रेघ परत खाली येताना दिसली, तर ते सोडून दे.

आता डिदर. समज, विलंबित ख्याल संपला आणि तानपुऱ्याचा नाद विरत चाललाय. १६ बिटच्या शेवटच्या पायरीच्या ०.३ इतकी पातळी आली, तर नुसत्या पूर्णांकनात ती दर वेळी शून्य होते. नाद विरत नाही, खरखरत तुटतो, कारण ही चूक सुराला बांधलेली असते आणि म्हणून विकृती होऊन ऐकू येते. पूर्णांकनाआधी अगदी अल्प यादृच्छिक गोंगाट, म्हणजेच डिदर, मिसळला, तर मूल्य कधी वरच्या पायरीवर जातं, कधी खाली राहतं, आणि सरासरी ०.३ च टिकते. सूर मंद सुस्काऱ्यात मिसळत शेवटपर्यंत ऐकू येतो.

ही कल्पना आधी चित्रांसाठी निघाली. पुढे आर्पानेटच्या उभारणीत ज्यांचं नाव झालं, त्या लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी १९६१ च्या सुमारास एमआयटीत दाखवून दिलं की टीव्हीच्या चित्राचे बिट कमी करण्याआधी गोंगाट मिसळला तर पट्टे दिसत नाहीत. ध्वनीसाठी त्याचं पक्कं गणित कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जॉन व्हँडरकॉय आणि स्टॅनली लिपशिट्झ यांनी १९८४ मध्ये मांडलं. आज जवळपास सगळीकडे मिळणारा त्रिकोणी वितरणाचा डिदर, म्हणजेच टीपीडीएफ, त्याच परंपरेतला.

बैठकीच्या मुद्रणात पंखे, श्रोत्यांची हालचाल, गल्लीतली रहदारी यांचा आवाज १६ बिटच्या तळाच्या पुष्कळ वर असतो आणि तोच अर्धंअधिक डिदरचं काम करतो. पण शेवटी फेड-आउट दिलास की हा आवाजही पायरीखाली जातो. तिथे डिदर हवाच. नॉइज शेपिंगनं तो गोंगाट कान जिथे कमी तिखट असतो त्या वरच्या पट्ट्यात ढकलता येतो, पण त्या फाइलवर पुढे कुणी संस्करण करणार असेल तर साधा टीपीडीएफच बरा.

सॉफ्टवेअरचं म्हणशील तर पैसे खर्च करायची गरज नाही. १९९१ पासून चालत आलेलं सॉक्स मोफत आहे. त्याचा सर्वोच्च दर्जाचा रीसॅम्पलर वरची परीक्षा सहज पार करतो, आणि बिट कमी होताना ते डिदर आपणहून लावतं. आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण एकदा बसवली की पन्नास फाइलींना एकच आज्ञा पुरते. खिडक्या-बटणं हवी असतील तर व्हॉक्सेंगोचं आर-एट-ब्रेन घे, त्याचीही मोफत आवृत्ती आहे. ऑडेसिटीत रीसॅम्पलिंगला सॉक्सचंच गणित वापरतात, मात्र दर्जा आणि डिदरच्या सेटिंग एकदा नजरेखालून घाल. एफएफएमपेगमध्ये मूळ सेटिंगवर डिदर लागतच नाही, तो मागावा लागतो. आयझोटोपचं आरएक्स उत्तम आहे, पण ते घ्यायचं ते खोकला आणि गुणगुण काढण्यासाठी. केवळ या कामासाठी नव्हे.

क्रम मात्र चुकवू नकोस. रीसॅम्पलिंगमध्ये शिखरं थोडी वर उसळतात, म्हणून आधी डेसिबलभर जागा ठेव. सगळी कापाकापी आणि आवाजाची पातळी २४ बिटमध्ये किंवा ३२ बिट फ्लोटमध्ये उरक. त्यानंतर रीसॅम्पलिंग, आणि डिदर सर्वांत शेवटी, एकदाच.

आता नोंदींबद्दल. अमेरिकेत ग्रेटफुल डेड या बँडनं १९८४ पासून मैफल मुद्रित करणाऱ्या श्रोत्यांना वेगळी जागा दिली. असं ध्वनिमुद्रण करणाऱ्यांमध्ये फाइलींसोबत एक मजकूर ठेवायची चांगली चाल आहे: माइक कोणता, रेकॉर्डर कोणता, कोणत्या सॉफ्टवेअरनं काय केलं. तूही प्रत्येक बैठकीसाठी तसा कागद कर. त्यात तारीख, जागा, राग आणि साथीदारांची नावं घाल, आणि सीडी वाटण्याआधी गुरुजींची व साथीदारांची संमती घे.

यंदाच्या सीडी सॉक्सवर कर, डिदर टीपीडीएफ ठेव, आणि ९६/२४ च्या मूळ फाइली दोन वेगळ्या डिस्कवर सांभाळ. त्या कधीही पुसू नकोस.

तुझा,
मामा