शब्दांचे कूळ आणि मूळ

'नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये' अशी आपल्याकडे म्हण आहे. शब्दांच्या बाबतीत मात्र ती मला पटत नाही. शब्दाचे मूळ सापडले की त्याची भीती जाते, असा माझा अनुभव आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. इंग्रजी शब्द आणि शास्त्रातल्या संज्ञा म्हणजे मोठ्या लोकांच्या वाड्याचा बंद दरवाजा, असेच मला बारावीपर्यंत वाटे. अर्थ कळो न कळो, स्पेलिंग पाठ करायचे, एवढेच ठाऊक! पुढे ग्रंथालयात व्युत्पत्ती सांगणारा एक जाडजूड कोश हाती लागला आणि त्या वाड्यात आपलीही काही माणसे नांदत आहेत, हे दिसले.

'मंगूज' हा शब्द घ्या. त्याच्या शेवटी 'गूज' असला, तरी हंसाशी त्याचा काडीचाही संबंध नाही. आपल्या बांधावरून सुळकन पळणारे मराठी मुंगूसच ते!

गणितातल्या 'साइन'ची कथा तर याहून नवलाची. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या 'आर्यभटीया'त 'ज्या' वापरली. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. तिलाच जीवा म्हणतात. अरबांनी 'जीवा'चे 'जिबा' केले. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, त्यामुळे पुढे तोच शब्द 'जैब' असा वाचला गेला. जैब म्हणजे अंगरख्याचा गळा किंवा घडी. बाराव्या शतकात लॅटिन भाषांतरकारांनी तशाच अर्थाचा 'सायनस' हा शब्द घातला आणि त्याचा 'साइन' झाला. उर्दूत खिशाला 'जेब' म्हणतात, तोही या जैबाचाच वंशज. मराठवाड्याला उर्दू-अरबी शब्दांचे नवल नाही. निजामी राजवट १७ सप्टेंबर १९४८ रोजी संपली. पण 'तहसील' आणि 'महसूल' ही एकाच अरबी धातूची दोन लेकरे आजही आपल्या कागदांवर नांदतात.

भूगोलात 'डेक्कन ट्रॅप' येतो. डेक्कन म्हणजे दक्खन, आणि दक्खन म्हणजे दक्षिण. 'ट्रॅप' मात्र स्वीडिश भाषेतला. त्याचा अर्थ जिना. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि झिजून डोंगरांना पायऱ्या पडल्या. राणीसावरगावच्या बाजूचे बालाघाटाचे डोंगर पाहावेत, म्हणजे ही संज्ञा पाठ करावी लागत नाही. काळ्या मातीला शास्त्रज्ञ 'व्हर्टिसॉल' म्हणतात. लॅटिनमध्ये 'व्हर्तेरे' म्हणजे उलथणे. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, वरची माती त्यांत पडते, पावसाने खालची फुगते आणि सारी माती खालवर होते. काळी जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, हे माझ्या अक्षरशत्रू आजीलाही ठाऊक आहे. तिच्याजवळ नाही ती फक्त संज्ञा.

मित्रहो, इथे एक सावधगिरी हवी. सगळे इंग्रजी शब्द संस्कृतातूनच निघाले, असे काहीजण छातीठोकपणे सांगतात. ते खरे नाही. 'मातृ' आणि 'मदर' यांची आई त्यांच्याहूनही जुनी अशी एक भाषा आहे. बहिणींना मायलेकी म्हणू नये.

'शुगर' मात्र खरोखर आपल्याकडून गेली. शर्करा म्हणजे मुळात वाळूचे खडे. तिची फारसीत 'शकर', अरबीत 'सुक्कर' आणि युरोपात शेवटी 'शुगर' झाली. आपला 'खंड' तिकडे 'कँडी' झाला. लिनियसने १७५३ मध्ये उसाला 'सॅकॅरम ऑफिसिनॅरम' हे शास्त्रीय नाव दिले. त्यातले 'सॅकॅरम' ग्रीकांमार्फत गेलेली शर्कराच, आणि 'ऑफिसिनॅरम' म्हणजे औषधाच्या कोठारातला.

हे वाचताना मला माझे आईवडील आठवतात. दिवाळी झाली की ते ऊस तोडायला जातात. उचल घेतलेली असते, कोपी बांधायची असते, पहाटेच फडात उतरायचे असते. मुकादमाच्या वहीत नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. एकटा माणूस असला तर 'अर्धा कोयता'. हत्याराचे नाव माणसाला चिकटले! व्युत्पत्तीच्या कोशात मला हा शब्द या अर्थाने आढळला नाही, पण त्याचे मूळ मला कोशाशिवाय समजते. उसाला लॅटिन नाव मिळाले. तो तोडणाऱ्या माझ्या आईला वहीत तिचे साधे मराठी नावही मिळाले नाही.

शब्दांचे मूळ कळल्याने उचल फिटत नाही, हे मी जाणते. पण शब्द माणसेच घडवतात, आणि माणसांनी घडवलेले माणसांना बदलताही येते. 'शिकून काय करणार?' असे गावात विचारतात. निदान एका वहीत 'कोयता' खोडून तिथे दोन माणसांची दोन नावे लिहीन, असे उत्तर मी मनाशी ठरवले आहे.