वसुधाताईंचा प्रश्न

आमच्या घरात सध्या एक वाद चालू आहे. भाचीला मानवी हक्क विषय घेऊन एलएलएम करायचंय आणि दाजींचं एकच, "त्यात करियर काय?" दाजी, रागावू नका, पण मला वसुधा धागमवार (1940-2014) आठवल्या.

1972 साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. नागपूर खंडपीठाने दोन पोलिसांना दोषी धरलं. सप्टेंबर 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे संमतीच! सप्टेंबर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधाताई अशा चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. चौकीत, वर्दीसमोर, गप्प राहून सोसणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यांचा मुद्दा. निकाल काही बदलला नाही. पण 1980 मध्ये बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 साली कायदा बदलला : पोलिसांच्या ताब्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई 'संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं.

याच दुरुस्तीने पीडितेचं नाव छापायलाही बंदी घातली. तरी तो खटला आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. मी इथे ते लिहिलेलं नाही.

वसुधाताई तिथे थांबल्या असत्या तरी खूप होतं. पण 1985 मध्ये त्यांनी दिल्लीत 'मार्ग' ही संस्था काढली. सरदार सरोवरात बुडणाऱ्या मध्य प्रदेशातल्या गावांचा अभ्यास या संस्थेने केला. त्या अहवालाच्या नावातच प्रश्न आहे, 'यांना काय माहीत आहे?' मला हा प्रश्न फार आवडतो. धरण हवं की नको यावर तावातावाने बोलणारे पुष्कळ (आमच्याकडेही जेवणाच्या टेबलावर होते!). पण ज्याचं घर जाणार त्याला कुणी नीट सांगितलंय का? राजपत्रात छापलं की सगळ्यांना कळलं, असं धरून चालायची आपली जुनी सवय.

कायद्यावर सोप्या भाषेतल्या पुस्तिकाही 'मार्ग'ने काढल्या. कंटाळवाणं काम, कुणी हार घालत नाही.

आणि 2006 मध्ये, साठी ओलांडल्यावर, आदिवासींच्या अनुभवातला कायदा या विषयावर त्यांचं पुस्तक आलं. तोच प्रश्न, आता अख्ख्या पुस्तकभर.