सही जुळत नाही

आमच्या चर्चमध्ये रविवारच्या मिस्सेत बायबल वाचणाऱ्यांची एक यादी असते. त्या यादीत माझं नाव कसं घुसलं, ते मला अजून कळलेलं नाही. 'बँकेतला माणूस आहे, स्पष्ट बोलतो,' असं कुणीतरी फादरांना सांगितलं म्हणे. मी स्पष्ट बोलतो ते फक्त 'उद्या या', हे सांगणाऱ्याला ठाऊक नसावं.

आमच्या आजोबांच्या काळी ही भानगड नव्हती. मिस्सा लॅटिनमध्ये असे. भाव खरा की खोटा हे ओळखायची सोयच नव्हती, कारण शब्दच कुणाला कळत नसत. फादर स्टीफन्स या इंग्रजाने १६१६ साली मराठी ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' छापलं. पण मिस्सा मराठीत यायला दुसरी व्हॅटिकन परिषद (१९६२-६५) व्हावी लागली. म्हणजे साडेतीनशे वर्षं! सरकारी फाईलसुद्धा यापेक्षा लवकर हलते. पुढे आमच्या नंदाखालच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' दिलं. आता न समजण्याची सबबही गेली.

मराठी आली आणि माझी पंचाईत झाली. घरी आम्ही कादोडी बोलतो, बँकेत काउंटरची मराठी, आणि विरार लोकलमध्ये जे बोलतो ते इथे छापता येणार नाही. पण वेदीशेजारी उभा राहिलो की माझ्या घशात आकाशवाणी केंद्र सुरू होतं. 'प्रभू' म्हणताना डोळे आपोआप मिटतात. एकदा इतके मिटले, की ओळच चुकली.

मिस्सेनंतर लोक म्हणाले, "काय आवाज आहे!" मी फुगलो. शेजारची मावशी तेवढी म्हणाली, "वाचलंस छान रे बाबा. पण देवाशी बोलत होतास, की मागच्या बाकांशी?"

बँकेत मी रोज सह्या ताडून बघतो. त्या दिवशी पहिल्यांदाच माझा चेक परत आला होता. शेरा : सही जुळत नाही.

पुढे पावसाळ्यात मावशीचा नवरा अगदी शेवटाला आला. रात्रीचे अकरा, फादर दुसऱ्या आजाऱ्याकडे गेलेले. मावशीने मलाच हाक मारली. धावत गेलो, पुस्तक नेलं, चष्मा घरी राहिला. अक्षरं मुंग्यांसारखी पळू लागली. पुस्तक मिटलं आणि तोंडाला येईल ते बोललो, कादोडीतच. बाप्पा, हा माणूस दमलाय. आयुष्यभर केळी आणि पानवेली पिकवल्या त्याने. आता त्याला घे, पण मावशीला एकटी टाकू नकोस. एवढ्यात माझा आवाज फाटला. 'आमेन' मावशीनेच म्हटलं.

त्या रात्री माझ्या आवाजाची स्तुती कुणी केली नाही. मावशीने कोरा चहा पुढे केला आणि म्हणाली, "घे, थंड होईल."

आता मी सुधारलो असेन, असं तुम्हाला वाटेल. पुढच्या पाळीला चष्मा आठवणीने नेला. दोन वाक्यं सरळ वाचली. तिसऱ्याला आकाशवाणी लागलीच! पहिल्या बाकावरून मावशी खोकली.

तेव्हापासून ती दर रविवारी पहिल्याच बाकावर बसते. तिला खोकला नाही, हे सगळ्या गावाला माहीत आहे.