गच्चीचा कोबा आधी, सौर पॅनेल नंतर

नीरेच्या काठी, सातारा जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर वसलेल्या शिरवळमध्ये महामार्ग आणि परिसरातील कारखाने यांमुळे वस्ती झपाट्याने वाढली, आणि जाड मातीच्या भिंतींच्या, धाब्याच्या व कौलारू घरांच्या जागी सिमेंटच्या स्लॅबची घरे आणि सदनिकांच्या इमारती उभ्या राहिल्या. धाब्यावरचा मातीचा थर दुपारची उष्णता घरात उतरायला विलंब लावत असे. पाच-सहा इंचांचा उघडा स्लॅब मात्र दिवसभर तापतो आणि साठवलेली उष्णता रात्री खालच्या खोलीत सोडतो, त्यामुळे वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाला एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर पंखा लावूनही उकाड्यातून सुटका मिळत नाही.

आत आणि बाहेर एका अंशाचा फरक असताना एक चौरस मीटर छतातून जेवढे वॅट उष्णता वाहते, त्या मापाला छताची उष्णता-पारगम्यता म्हणतात. ऊर्जा दक्षता ब्यूरोने डिसेंबर 2018 मध्ये जाहीर केलेल्या 'इको-निवास संहिते'ने तिची मर्यादा 1.2 ठरवली असून, साध्या काँक्रीट स्लॅबचे मूल्य तिच्या दुपटीहून अधिक भरते. परंतु ही संहिता मुख्यतः 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या इमारतींसाठी आखलेली असल्याने, शिरवळसारख्या गावातील आधीच बांधलेली छोटी घरे तिच्या कक्षेत येत नाहीत.

या घरांपर्यंत प्रत्यक्षात पोहोचलेला डिजिटल मंच म्हणजे फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या 'पीएम सूर्यघर : मोफत वीज योजने'चे राष्ट्रीय पोर्टल. महावितरणच्या बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, नोंदणीकृत विक्रेता निवडायचा, पॅनेल बसल्यावर नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि ग्रीडला दिलेली वीज या दोन्ही मोजणारा मीटर, लावून घ्यायचा आणि तपासणीनंतर अनुदान बँक खात्यात घ्यायचे, असा हा क्रम आहे. एक किलोवॅटला 30,000 रुपये आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान मिळते, आणि अर्ज कोणत्या टप्प्यावर आहे हे ग्राहकाला घरबसल्या दिसते. सरकारी कामातील ही पारदर्शकता मोलाची आहे.

उणीव आहे ती क्रमात. गच्चीवर विटांचे तुकडे मसाल्यात बसवून, उतार देऊन केलेला ब्रिकबॅट कोबा आणि त्यावर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा चायना मोझॅक, हे महाराष्ट्रातील सर्वपरिचित काम गळती थांबवते आणि ऊनही परतवते. कोबा जुना झालेला असताना त्यावर पॅनेलचा सांगाडा रोवला, तर पुढे गळती लागल्यावर तो उतरवावा लागतो आणि खर्च दोनदा होतो. पोर्टलची रचना वीजजोडणी, क्षमता आणि अनुदान यांभोवती आहे. स्लॅब गळतो का, तापतो का, हे आधी पाहण्याचा टप्पा तीत नाही. वीज निर्माण करण्याआधी तिची गरज कमी करावी, हे या क्षेत्रातील मूलभूत सूत्रच त्यामुळे मागे पडते.

युरोपने याच क्रमावर भर दिला आहे. जर्मनीत 2017 पासून प्रत्येक घरासाठी तज्ज्ञाकडून टप्प्याटप्प्याची दुरुस्ती-योजना करून घेण्याची सोय आहे, आणि युरोपीय संघाच्या 2024 च्या इमारतविषयक निर्देशाने अशा 'नूतनीकरण पारपत्रा'ची पद्धत सर्व सदस्य देशांना घालून दिली आहे. कोणते काम आधी आणि कोणते नंतर करायचे, हे त्यात घरनिहाय नोंदवले जाते.

महाराष्ट्रात यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षे वयाच्या इमारतींचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतींचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण करणे अपेक्षित असते. अभियंता गच्चीवर चढलेलाच असतो. कोब्याची अवस्था, छताचा रंग, खिडक्यांवरील छज्जे आणि वर्षभराचा वीजवापर एवढ्या नोंदी त्याच भेटीत घेऊन त्या ग्राहक क्रमांकाशी जोडल्या, तर सौर अर्जापूर्वीचा टप्पा आपोआप तयार होतो. वीजवापरावरून घरातील माणसांचा दिनक्रम कळू शकतो, म्हणून या नोंदी कुटुंबाच्या संमतीखेरीज कोणालाही दिसू नयेत.

सर्वांत अवघड प्रश्न भाडेकरूंचा आहे. कारखान्यांमुळे शिरवळ परिसरात भाड्याच्या खोल्यांची संख्या मोठी आहे. मीटर बहुधा मालकाच्या नावावर असतो आणि बिल मात्र भाडेकरू भरतो, त्यामुळे छतावर पैसा घालण्यात मालकाला लाभ दिसत नाही आणि भाडेकरूला तो अधिकारच नसतो. घराच्या नोंदीत भाडेकरूलाही खोलीचे तापमान आणि बिल नोंदवता आले पाहिजे, आणि दुरुस्तीसाठीचे अनुदान मालकाला देताना ठरावीक काळ भाडे न वाढवण्याची अट त्याच मंचावर घातली गेली पाहिजे.